खाजन शेतात पुन्हा भात लावायचे आहे: कोरगुट, खारे पाणी आणि घरच्या गायी

शापोराकाठ (पेडणे)

सर्वांना नमस्कार. गोव्यातल्या पेडणे तालुक्यात शापोरा नदीच्या काठी आमच्या कुटुंबाची थोडी खाजन जमीन, म्हणजे बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेली सखल शेतजमीन, आहे. बाहेरचा बांध फुटून भरतीचे पाणी आत शिरू लागल्यापासून ती पडीक राहिली आणि तिच्या सखल कोपऱ्यात खारफुटीची रोपेही उगवली. आता बांधाची दुरुस्ती झाली आहे, मानशीला (बांधातल्या पाणी सोडण्याच्या दाराला) नव्या फळ्या बसल्या आहेत, आणि येत्या पावसाळ्यात तिथे पुन्हा भात लावायचे असे घरात ठरले आहे.

अडचण अशी की घरात दोन मते आहेत. वडील म्हणतात की खाजनात कोरगुट हे खार सोसणारे गावठी भातच लावावे, पहिल्या पावसाचे पाणी शेतात अडवून ते ओहोटीला सोडावे, असे पुन्हा पुन्हा करावे आणि जमिनीचा खार उतरल्याशिवाय बी टाकू नये. माझा चुलतभाऊ म्हणतो की कोरगुटचे उत्पन्न कमी येते, शिवाय ते आडवे पडते, म्हणून जया हे सुधारित वाण लावावे आणि खार मारण्यासाठी जिप्सम टाकावे. खताच्या दुकानातही त्याला जिप्समचाच सल्ला मिळाला आहे. वडिलांनी ही शेती तरुणपणी केली असली तरी तेव्हा त्यांच्यामागे सगळा वाडा (वस्ती) होता. आज आसपासचे अर्धे मळे पडीक आहेत आणि त्यांचे मालक गावात राहत नाहीत. त्यामुळे त्यांची पद्धत आज एकट्या घराला चालवता येईल का, ही माझी खरी शंका आहे.

खार उतरला हे नेमके कसे ओळखावे आणि कोरगुटचे खात्रीचे बियाणे कसे मिळवावे व राखावे, हे जाणकारांनी सांगावे. आणखी एक गोष्ट विचारतो. आईने दोन पांढऱ्या गावठी गायी राखल्या आहेत. त्यांच्या अंगावर गोचीड फार होतात, दूधही बेताचेच आहे, म्हणून त्या जर्सीच्या रेतनाने भराव्यात असे काही जण सुचवतात. आईचे मन त्याला तयार नाही. आपले मत कळवावे.

नार्व्याचे खाजन (डिचोली)

आपल्या वडिलांनी सांगितलेला क्रम योग्य आहे आणि माझ्या मते तो क्रम हाच या शेतीचा गाभा आहे. खाजनाविषयी विचारणारे लोक बहुधा बियाण्यापासून सुरुवात करतात, पण आमच्याकडची जुनी माणसे आधी मानस पाहत, मग बांध, मग शेतातले पाणी, आणि बियाण्याचा विषय सर्वांत शेवटी काढत. कोरगुट खारटपणा सोसते याचा अर्थ ते नदीच्या पाण्यात वाढते असा नव्हे. ज्या शेतातला बराचसा खार पावसाने धुऊन गेला आहे, त्या शेतात उरलेला खार ते सोसते, आणि ती धुलाई मानशीवाचून होत नाही.

गोव्यात सुमारे १८,००० हेक्टर खाजन जमीन असल्याचे मानले जाते. ही जमीन भरतीच्या पातळीपेक्षा खाली असते, म्हणून तिच्यातले पाणी केवळ ओहोटीच्या वेळीच बाहेर जाऊ शकते. मानशीच्या दाराच्या फळ्या वरच्या बाजूला अडकवलेल्या असतात आणि त्या नदीच्या दिशेनेच उघडतात. भरती चढली की बाहेरचे पाणी त्यांना चौकटीवर दाबून बसवते. ओहोटीला बाहेरची पातळी आतल्यापेक्षा खाली गेली की आतलेच पाणी त्यांना ढकलून वाट काढते. दार उघडायला किंवा लावायला माणूस लागत नाही, मात्र ते नीट बसते की नाही हे पाहायला माणूस लागतोच. आपल्या फळ्या नव्या आहेत, म्हणून विशेष सांगतो. लाकूड पाण्यात फुगते, आणि कोरडे असताना चपखल बसलेली फळी भिजल्यावर चौकटीत अडकून अर्धवट उघडी राहू शकते. भरती चढत असताना आतल्या बाजूने मानशीजवळ जा आणि चौकटीच्या कडेने हात फिरवा. जिथे पाण्याची धार हाताला लागते तिथे फट आहे. भरती दिवसातून दोनदा येते, त्यामुळे बोटभर फटीतूनही महिन्याभरात किती खारे पाणी आत येईल याचा विचार करावा. आमच्याकडे अशी फट पेंढा आणि चिकण माती एकत्र ठासून बुजवतात, आणि सुताराला सवड मिळाली की फळी तासून घेतात.

बांधाची पाहणी अमावास्या आणि पौर्णिमेच्या उधाणाला, पाणी पूर्ण चढलेले असताना करावी. त्या वेळी बांधाच्या आतल्या उतारावर ओले डाग दिसले तर तिथे कुर्ल्यांचे बीळ आहे असे समजावे. बिळाचे नुसते तोंड बुजवून उपयोग होत नाही, कारण पाणी आतून वाट मोठी करत राहते आणि पुढच्या उधाणाला त्याच जागी बांध खचतो. बीळ शेवटपर्यंत उकरून त्यात चिखल थराथराने ठासावा लागतो. बांधाच्या बाहेर नदीच्या बाजूला असलेल्या खारफुटीला अजिबात हात लावू नये, कारण लाटेचा मारा तीच अंगावर घेते.

आता धुलाईविषयी. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच पडतो. हाच आपला खार धुणारा मजूर आहे. पाऊस सुरू होण्यापूर्वी मेरा (मळ्यांचे लहान बांध) नीट बांधून घ्याव्यात, म्हणजे पडलेले पाणी आपल्याच मळ्यात उभे राहील. एक-दोन चांगल्या सरींनंतर शेतात पाणी साचले की ते नांगराने किंवा पॉवर टिलरने ढवळावे, एक-दोन दिवस तसेच ठेवावे, म्हणजे मातीतला खार पाण्यात उतरतो, आणि मग ओहोटी लागण्याच्या सुमारास मेरेचे तोंड फोडून ते पाणी थेट चरात सोडावे. शेजारच्या मळ्यातून ते वाहू देऊ नये, नाहीतर आपला खार त्याच्या शेतात बसतो. पुन्हा पाणी साचवावे आणि पुन्हा सोडावे. बरीच वर्षे भरतीखाली राहिलेल्या जमिनीला हे अनेकदा करावे लागेल आणि त्यामुळे लावणी उशिरा होईल, हे आधीच मनाशी धरून चला. वडील घाई करू नका म्हणतात ते याचसाठी.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. मानशीच्या आत जो खोलगट पोंय असतो, तो मासळीसाठी आहे असे सगळे समजतात, परंतु भातासाठीही त्याची तितकीच गरज असते. भर पावसात नेमकी भरती आली तर दार बंद राहते आणि काही तास शेताचे पाणी बाहेर जाऊच शकत नाही. तेवढे पाणी पोंयात मावले पाहिजे, अन्यथा रोपे बुडतात. म्हणून मोठ्या पावसाच्या आधी पोंय रिकामा असणे आवश्यक असते आणि गाळाने भरलेला असेल तर तो याच उन्हाळ्यात उपसून घ्यावा लागतो. आपल्याकडे बांध दुरुस्त झाला असे आपण लिहिले आहे, पण पोंयाचा उल्लेख केलेला नाही. तो आधी पाहून घ्या.

निवृत्त कृषिसेवक (फोंडा)

वरील उत्तराशी मी सहमत आहे. त्याला मोजमापाची जोड द्यावी एवढ्यासाठी लिहितो.

आधी जिप्समविषयी, कारण त्यात आपले पैसे विनाकारण जातील. ज्या चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसलेला असतो आणि सामू (पीएच) बराच वर गेलेला असतो, त्या जमिनीसाठी जिप्सम हा उपाय आहे. आपल्या किनाऱ्यावरच्या खाजनांत पाण्यात विरघळणारे क्षार जास्त असतात आणि माती बहुधा आम्लधर्मी असते. तिथे क्षार वाहून नेणारे गोडे पाणी हाच उपाय आहे, आणि ते आभाळातून फुकट मिळते. तरीही कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका. पावसाआधी चार-पाच जागांची माती वीतभर खोलीपर्यंत घेऊन मृद चाचणी प्रयोगशाळेत द्या आणि सामू व विद्युत वाहकता (क्षार किती आहेत याचे माप) या दोन्ही गोष्टी तपासून घ्या. सामू फार खाली असेल तर जिप्समऐवजी चुन्याचा विचार करावा लागेल, आणि त्याचे प्रमाण अहवाल पाहूनच ठरवावे.

खार उतरला हे जुनी माणसे पाणी जिभेला लावून ओळखत. सवयीच्या माणसाला त्यातून खूप कळते, हे मी माझ्या नोकरीत अनेक गावांत पाहिले आहे. परंतु वरचे पाणी गोडे लागत असतानाही खालची माती खारट असू शकते. मातीच्या संपृक्त अर्काची (पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) वाहकता ४ डेसिसिमेन्स प्रति मीटरच्या वर असली की जमीन क्षारयुक्त धरतात. सर्वसाधारण भाताला ३ पर्यंत विशेष त्रास होत नाही, त्यापुढे प्रत्येक एककामागे उत्पन्न सुमारे १२ टक्क्यांनी घटत जाते. वाहकता मोजण्याचे छोटे उपकरण आता स्वस्तात मिळते. शेतात हातभर खड्डा करून त्यात झिरपलेले पाणी मोजावे. त्या पाण्याचा आकडा आणि प्रयोगशाळेतला आकडा एकच नसतो, परंतु प्रत्येक धुलाईनंतर तो किती उतरला हे कळते. आकडा उतरायचा थांबला की आणखी धुण्यात फारसा लाभ नाही. वडिलांनी पाणी चाखावे आणि आपण मोजावे. दोन्हींचा मेळ बसू लागला की त्यांच्या जिभेवर आपण आणि आपल्या आकड्यांवर ते निर्धास्त विसंबतील.

जया हे वाण १९६८ सालचे आहे आणि खेर जमिनीत (जिथे खारे पाणी पोचत नाही) त्याने गोव्याला भरपूर भात दिले आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु ते बुटके आहे. मुसळधार पाऊस आणि भरती एकत्र आल्यावर खाजनात गुडघ्याच्या वर पाणी उभे राहते, आणि त्यात खाराची भर पडली की बुटक्या वाणाचा निभाव लागत नाही. कोरगुट उंच वाढते, त्याच्या दाण्याला कुसळ असते, तांदूळ तांबडा असतो, आणि पेंढा भरपूर मिळतो, जो आपल्या गायींना लागणारच आहे. उत्पन्न कमी येते हा चुलतभावाचा आक्षेप खरा आहे. आडवे पडण्याचा आक्षेपही खरा आहे, पण त्याला पुष्कळदा युरिया कारणीभूत असतो. बुटक्या वाणाला देतो तितके नत्र या उंच भाताला दिले तर ते पडणारच.

दोघांनाही पटेल असा मधला मार्ग आहे. जुन्या गोव्यातील एला येथे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे. तिने कोरगुटमधूनच निवड करून क्षारसहनशील अशी गोवा धान १ आणि गोवा धान २ ही वाणे काढली आहेत. बियाण्यासाठी तिथे आणि आपल्या विभागीय कृषी कार्यालयात आत्ताच मागणी नोंदवा. शक्य असेल तर काही मळ्यांत गावातले कोरगुट आणि काही मळ्यांत निवडलेले वाण, असे शेजारी शेजारी लावा.

भाताला खाराचा सर्वाधिक त्रास दोन वेळा होतो, एकदा कोवळ्या रोपाला आणि पुन्हा फुलोऱ्याच्या वेळी. म्हणून तरवा (रोपवाटिका) खाजनात न टाकता वरच्या गोड्या खेर जमिनीत टाकावा, आणि रोपे नेहमीपेक्षा थोडी जून, साधारण ३० ते ३५ दिवसांची झाल्यावर, एका चुडात (एकत्र लावायच्या रोपांच्या जुडीत) एक-दोन जास्त रोपे धरून लावावीत. यामुळे धुलाईलाही तेवढाच अधिक वेळ मिळतो. पेरण्यापूर्वी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी बुडवावे, तरंगणारे पोचट दाणे काढून टाकावेत आणि खाली बसलेले बी स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवावे.

सखल कोपऱ्यातल्या खारफुटीविषयी एक सूचना करतो. ती रोपे आपल्या मालकीच्या जमिनीत असली तरी वन खात्याला विचारल्याशिवाय उपटू नका. आधी अर्ज द्या, लेखी उत्तर घ्या आणि मगच पुढे जा.

रानवाट (सत्तरी)

मी सत्तरीची आहे. आमच्याकडे खाजन नाही. उन्हाळ्यात म्हादईच्या पात्रात पुरण शेती करणारी आमची माणसे; नदीचे पाणी उतरले की पात्रातच दगड-फांद्यांचे बांध घालून, पाणी वळवून भात घ्यायचे आणि पावसाच्या आधी ते घरात आणायचे. त्यामुळे खाजनाच्या मानशीवर मी काही बोलत नाही. बियाणे राखण्याचे काम मात्र आमच्या घरात बायकांकडेच आहे, म्हणून त्याविषयी लिहिते.

गावातले कोरगुट घेताना ते कोणाच्या कणगीतून आले याची चौकशी नीट करा. गिरणीवर किंवा मळणीच्या यंत्रात जयाचे दाणे मिसळलेले असतील तर पहिल्या वर्षी कळत नाही, नंतर उभे पीक उंचसखल दिसू लागते. बी आपल्याच शेतातले राखायचे ठरल्यावर ते मळणीनंतरच्या राशीतून घेऊ नका. कापणीपूर्वी, भात उभे असताना, शेताच्या मधल्या भागात फिरा. बांधालगतची आणि पाणी साचणाऱ्या जागेची रोपे वगळा. ज्या चुडाची उंची सारखी आहे, लोंबी भरलेली आहे, कुसळ आणि दाण्याचा रंग एकसारखा आहे, त्याच लोंब्या वेगळ्या कापून घ्या. खाजनात तर मी म्हणेन की जिथे खार जास्त असूनही रोप नीट उभे राहिले, तिथली लोंबी आधी घ्या. माझी सासू हे काम कोणाला सोपवीत नसे. लोंब्या हाताने झोडायच्या, बी कडक उन्हात एकदम न टाकता सकाळच्या उन्हात वाळवायचे, आणि दाणा दाताखाली कट्‌कन तुटला की ते भरायचे. आमच्याकडे ते पेंढ्याच्या मुडीत घट्ट बांधून चुलीच्या वरच्या माळ्यावर ठेवतात आणि आत निरगुडीचा वाळलेला पाला घालतात, म्हणजे धुरामुळे आणि पाल्याच्या वासाने कीड लागत नाही. आता चूल नसलेल्या घरात धूर नाही, आणि प्लास्टिकच्या पोत्यात ओलसर बी भरले तर ते उबते. तशा घरात बी पूर्ण वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात, निरगुडीसह, कोरड्या जागी ठेवावे.

बी दुसऱ्याकडून मागून आणायला संकोच करू नका. शेतकऱ्याने आपले राखलेले बी पेरावे, दुसऱ्याला द्यावे, त्याची अदलाबदल करावी किंवा ते विकावे, हा हक्क २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने मान्य केला आहे. वाणाच्या ब्रँडच्या नावाने मात्र ते विकता येत नाही. आमच्याकडची रीत अशी की जेवढे बी न्यायचे त्याहून थोडे जास्त पुढच्या वर्षी परत द्यायचे. त्यामुळे एका घरचे बी बुडाले तरी वाण गावात राहते.

गोचिडांविषयी पशुवैद्यांनी सांगणे अधिक बरे, पण एक गोष्ट आमच्या अनुभवाची आहे. गोठ्यात अंथरायला रानातला सुका पाला गोळा करून आणण्याची आमची जुनी पद्धत होती. सत्तरीत २०१५ पासून माकडतापाने माणसे दगावली. तो रोग रानातल्या गोचिडींतून पसरतो, आणि पाल्याबरोबर गोचिडी घरापर्यंत येतात हे लक्षात आल्यावर आम्ही रानातला पाला आणणे बंद केले आणि गोठ्यात भाताचा पेंढा घालू लागलो. पेडण्यात तशी भीती नसेल, तरी गोचीड फार आहेत असे तुम्ही म्हणता, तर अंथरण कुठून येते ते एकदा पाहा.

गोठा (पशुवैद्यक, डिचोली)

आईंच्या गायींचे जे वर्णन आपण केले आहे, त्यावरून त्या श्वेतकपिला असण्याची शक्यता आहे. नाकपुडीपासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत पांढरी, पापण्याही पांढऱ्या, मध्यम ते लहान चणीची ही गोव्याची स्वतःची गाय असून कर्नाल येथील राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोने तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. दूध दिवसाला साधारण दोन-तीन लिटर. जर्सीशी तुलना केली तर ते कमी दिसते, यात वाद नाही. परंतु जर्सीच्या संकरित गायीला हिरवा चारा, पेंड, सावली आणि औषधोपचार यांचा जो खर्च लागतो, तो वजा करून हिशेब मांडावा. आपल्या दमट हवेत, पावसाळ्यात ओल्या गोठ्यात आणि मुख्यतः पेंढ्यावर जगणारी ही गावठी गाय गोचिडांतून होणाऱ्या तापांना संकरित गायीपेक्षा चांगली तोंड देते. डेअरीला दूध घालून त्यावर संसार चालवायचा असेल तर संकरित गाय घ्या, पण ती वेगळी विकत घ्या. घरचे दूध, शेण आणि गोमूत्र एवढीच गरज असेल तर आईंच्या गायींना जर्सी भरवू नका. शुद्ध गायी कमी उरल्या आहेत आणि एकदा संकर झाला की मागे येता येत नाही. जातिवंत वळू किंवा त्याचे रेतन कुठे मिळेल हे पशुसंवर्धन खात्याच्या जवळच्या दवाखान्यात विचारा आणि गायींची नोंदही करून घ्या.

गोचिडांवर करंजाचे किंवा कडुनिंबाचे तेल चोळण्याचा घरगुती उपाय उपयोगी आहे. कान, आचळांच्या बाजू आणि शेपटीचे मूळ या जागी ते नीट लावावे, आणि दर काही दिवसांनी पुन्हा लावावे. परंतु बहुतेक गोचीड गायीच्या अंगावर नसून गोठ्याच्या भेगांत असतात. भिंतीच्या आणि फरशीच्या भेगा सिमेंटने किंवा मातीने बुजवून त्यावर चुना मारल्याशिवाय तेलाचा परिणाम टिकत नाही. तंबाखूचा काढा मात्र लावू नका. काही गावांत तो लावतात, पण त्यातले निकोटिन कातडीतून आत जाते आणि जनावराला विषबाधा होऊ शकते. बांबूच्या नळीने तेल किंवा काढा पाजण्याची जी पद्धत आहे, तिच्यातही धोका आहे. पोट फुगल्यावर गोडे तेल पाजणे हा उपाय चुकीचा नाही, फेसाळ पोटफुगीत त्याचा गुण येतो. पण मान वर ओढून, जीभ धरून घाईने ओतले तर ते फुप्फुसात जाते आणि गाय न्यूमोनियाने दगावते. डोके सरळ ठेवून, ओठाच्या कोपऱ्यातून, थोडे थोडे आणि गिळायला वेळ देत पाजावे.

लघवी लालसर झाली, ताप चढला, किंवा मानेजवळच्या आणि खांद्यापुढच्या गाठी सुजल्या, तर घरगुती उपायात एक दिवसही घालवू नका आणि लगेच पशुवैद्याला बोलवा. लाळ्या-खुरकूताची लस दर सहा महिन्यांनी सरकारतर्फे मोफत टोचली जाते. गावठी गायीला तिची गरज नाही हा समज सोडून द्यावा.

शापोराकाठ (पेडणे)

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, मनापासून आभार. वडिलांना सगळे वाचून दाखवले. पोंय गाळाने भरलेला आहे, हे त्यांनीही लगेच सांगितले. आईनेही ठरवले आहे की गायींना जर्सी भरवायची नाही. या आठवड्यात तिला घेऊन दवाखान्यात जाईन.

पण आता एक नवीनच अडचण कळली. मानशीच्या मासळीचा लिलाव होतो आणि लिलाव घेणारा माणूस रात्रीच्या भरतीला फळ्या वर उचलून ठेवतो, म्हणजे मासळी आत येते, असे शेजाऱ्यांचे म्हणणे आहे. बांध फुटण्याआधीही हेच चालत असे. अशा परिस्थितीत आम्ही एकट्याने शेत धुऊन काय उपयोग?

नार्व्याचे खाजन (डिचोली)

हा प्रश्न निघणार असे मला वाटलेच होते, कारण गोव्यातल्या अनेक खाजनांचे भात याच कारणाने गेले आहे. फळ्या उचललेल्या मानशीच्या आत कोरगुट तर सोडाच, एला येथील निवडलेले वाणही उभे राहणार नाही. म्हणून हा निकाल लागेपर्यंत बियाण्यावर मोठा खर्च करू नका.

यात मासळी हा शत्रू आहे असे मानू नये. जुन्या व्यवस्थेत भात आणि मासळी एकाच खाजनात नांदत होती आणि मानशीच्या लिलावाच्या पैशातूनच बांधांची डागडुजी होत असे. ओहोटीला आतले पाणी बाहेर धावते तेव्हा मानशीच्या तोंडाला जाळे लावून मासळी धरायची, हीच रीत होती, आणि भात उभे असताना खारे पाणी आत घ्यायचे नाही हा गावाचा नियम होता. पोर्तुगीजांनी १५२६ साली गावकऱ्यांच्या रूढी लिहून काढल्या, तेव्हाही गावकरी ही गावाची जमीन सामाईकपणे सांभाळणारी व्यवस्था जुनीच होती. तिच्यामागे नियम मोडणाऱ्याला जाब विचारणारी माणसे होती. कूळ कायद्यानंतर जमीन कसणाऱ्याच्या हातात आली, हे न्यायाचेच झाले, पण बांध आणि मानस सांभाळणारे सामाईक हात अनेक गावांत सैल पडले. ती जबाबदारी कुळांनी एकत्र येऊन उचलावी यासाठीच १९७५ च्या नियमांखाली टेनंट्स असोसिएशन स्थापन झाल्या आणि त्यांच्यावर मामलेदाराची देखरेख ठेवली गेली.

म्हणून आता असे करा. आपल्या खाजनाची असोसिएशन आहे का, तिची समिती निवडलेली आहे का आणि मानशीचा लिलाव कोणी केला, याची चौकशी मामलेदार कार्यालयात करा. लिलावाच्या कागदाची प्रत मागा. देत नसतील तर माहिती अधिकाराखाली अर्ज करा. लिलाव घेणाऱ्या माणसाशी भांडण काढण्याआधी त्याच्या कागदात काय लिहिले आहे ते वाचा, कारण फळ्या उचलायच्या नाहीत ही अट आधीच लिहिलेली असेल तर आपले अर्धे काम झाले, आणि नसेल तर पुढच्या लिलावात ती घालून घ्यावी लागेल. आपण एकट्याने अर्ज देऊ नका. गावाबाहेर राहणाऱ्या मळेवाल्यांनाही फोन करा. ते शेती करत नसले तरी सह्या करतील, कारण खार चढलेल्या जमिनीचे नुकसान त्यांचेही आहे.

यंदा पावसाआधी निकाल लागला नाही, तर लिलाव घेणाऱ्याशी एवढेच बोला की मृगापासून कापणी होईपर्यंत फळ्या खाली राहतील आणि ओहोटीची मासळी त्याची. त्याचे त्यात फारसे नुकसान नाही, आणि समजावून सांगितले तर बहुतेक लोक ऐकतात, हा आमच्याकडचा अनुभव आहे. ठरेल ते दोघांच्या सह्यांनी कागदावर घ्या. लिलावाची प्रत हातात आली की त्यातली अट इथे जशीच्या तशी लिहा, म्हणजे मामलेदारांकडे नेमके काय मागायचे ते सांगता येईल.